पिंप्राळ्याची परमनंट गल्ली

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६, दुपारी ३ वाजून २० मिनिटे. (बंद दुकानाच्या ओट्यावर बसून तक्ता क्रमांक ७ भरत होतो, तो बाजूला ठेवला.)

तीर्थरूप भाईदासमामांच्या पायांवर अमृतचे डोके. गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. मामींना आणि दोंडाईच्याच्या सगळ्यांना नमस्कार.

मामा, रविवारी आपण मोनालीला पाहायला जाणार, आणि मी परमनंट आहे असे तुम्ही तिच्या वडिलांना सांगून बसलात. माझे काम तीन महिन्यांचे, त्यातले अठरा दिवस उरले. (आजचा अर्धा धरलेला नाही.) एका संस्थेला वीस वर्षांत जळगावातली कामे कशी बदलली हे हवे आहे, म्हणून मी दारोदार विचारतो : तेव्हा घरात कोण काय करत होते, आज काय करते, कायम की कंत्राटी.

पहिल्या गल्लीत मंदाबाई म्हणाल्या, "लिहा, कोणीच कमवत नाही." आत तीन शिलाई मशिनी चालू होत्या. (मी रेशन कार्ड कापायला आलो असे त्यांना वाटले.) मशिनींचे विचारले तर म्हणाल्या, "त्या सवयीने चालतात, भाऊ." मागच्या गल्लीत उलटे. इस्त्रीचा शर्ट घालून मुलांचे वय, पगार विचारणारा माणूस मुलीकडचाच असणार, असे तिथे ठरले. रुपचंदनानांनी मला पोहे खाऊ घातले आणि तिन्ही मुले परमनंट लिहायला लावली. धाकटा अकरावीत आहे. "लागून जाईल, तुम्ही लिहा." तर माझ्या तक्त्यात एक गल्ली पूर्ण बेकार, दुसरी पूर्ण परमनंट, आणि मध्ये फक्त एक गटार.

शुक्रवारी यादीत आमचेच घर आले. मी नियमाप्रमाणे दारातूनच विचारले. आबांनी खरे सांगितले : चौदा वर्षे चटईचा कारखाना, मग केळीच्या ट्रकवर हमाली, आता वॉचमन. माझ्या रकान्याशी आलो तशी माय आतून म्हणाली, "लिखी ले, पोऱ्या परमनंट शे." म्हटले, माय, पोऱ्या मीच. "तुले काय माहीत? तुना मामा सांगी ग्या."

या ओट्यावर बसले की लांबून चटईच्या यंत्रांचा आवाज येतो आणि डोळे जड होतात. मग वाटते, वीस वर्षांतली सगळी कामे या रस्त्याने सावकाश चालली आहेत. पुढे डाळीच्या पोत्यांवाले, मग चटईवाले, पाईपवाले, त्यांच्यामागे स्कूटरवर पार्सलची पोरे, आणि सगळ्यात शेवटी मी, वही घेऊन नावे विचारत. कोणी थांबत नाही. उन्हात सगळे फार सुंदर दिसतात.

तर मामा, शनिवारच्या आत तिच्या वडिलांना खरे सांगा. हे खोटे माझ्याच्याने होत नाही.

आपला भाचा,
अमृत

ता. क. : पत्र मिटून उठलो, तर यादीतले पुढचेच घर मोनालीचे निघाले. वडील बाहेर गेलेले. तिने मला ओळखले. ("फोटोत चष्मा नव्हता," म्हणाली.) मग स्वतःच सांगू लागली : पतपेढीत, अकरा महिन्यांचे कंत्राट, दोन उरले. "आमच्या वडिलांनी तुमच्या मामांना परमनंट सांगितलंय. ते लिहिता की खरं?" मी खरे लिहिले. "आणि तुमचं किती?" म्हटले, अठरा दिवस. "म्हणजे आमचं स्थळ वरचढ," म्हणाली, आणि हसून पाणी आणायला आत गेली.

आणखी एक : तेव्हा तुम्ही काही सांगू नका. तुम्ही आणि तिचे वडील एकमेकांना परमनंट म्हणत राहा, आम्ही दोघे खाली मान घालून ऐकू. (पत्र आजच्याच एसटीने पाठवतो.) फक्त रविवारऐवजी गुरुवारी येता आले तर पाहा. कारण लिहीत नाही.