कान गळालेले कप

३ फेब्रुवारी

ती. आजोबांना सा. न.,

तुम्ही कामाला होता त्या बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यात खोदकाम चाललंय, आणि गावातल्या कुणीही हात लावायला यावं अशी पाटी लावलीये. आई म्हणाली, नाहीतरी घरात माती आणतेसच, जा. गेले! काल खड्डाभर कप निघाले, सगळ्यांचे कान गळालेले. मी कवटी सापडली म्हणून बोंब मारली, खोदकामाच्या बाई धावत आल्या, चिखलात बसल्याच.

कपाच्या बुडाला करणाऱ्याचा शिक्का असतो ना, इथे प्रत्येकावर मासाच आहे. म्हणजे तुमच्या शेजारी बसणारा मासेवाला ना, कान धड लावता येत नाहीत म्हणून ज्याला काढलं? तुमच्या शिक्क्याची चांदणी एकाही कपावर नाही. मिरवा!

लोभ आहेच, वाढवायचा तर खाऊ पाठवा.

तुमची आगाऊ

६ फेब्रुवारी

चि. आगाऊ हिस आशीर्वाद.

जुनं भंगार उकरून लोकांना काय मिळतं? तू अभ्यास कर. त्या कपांचं पुढे काय करणार, ते मात्र लगेच कळव.

आजोबा

९ फेब्रुवारी

ती. आजोबांना सा. न.,

तुम्ही अभ्यास कर म्हणालात, ते मी दोनदा वाचलं. जन्मात कधी म्हणाला नाहीत.

रविवारी कप गावाला दाखवणार. त्यांच्यापुढे चिठ्ठी, 'मासेवाल्याचे वाया गेलेले कप'. त्याची मुलगी माझ्याच बाजूला बसून ब्रशने माती झाडते. चिठ्ठी वाचून म्हणाली, बाबांना आणणार होते, आता नाही आणत.

आजोबा, जिथे कान चिकटवलाय तिथे अंगठ्याचा खळगा आहे. मी अंगठा टेकवून बघितला. उजवा बसत नाही, डावा बसतो. सगळ्या कपांवर. तिला विचारलं, मावशी, तुझे बाबा डावखुरे का गं? नाही म्हणाली. आपल्या घरात डावखुरं कोण, ते मी कुणाला बोलले नाही. दोन दिवसांत एक खोडी काढली नाहीये मी. लवकर लिहा.

लोभ आहे, धाकधूक जास्त आहे.

आगाऊ

१२ फेब्रुवारी

चि. आगाऊ हिस आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा. माती जास्त सुकली की कान भट्टीत गळणार, हे बोटांना आधीच कळायचं. आमची दोघांची कामाची फळी एकच. मासेवाला पाणी प्यायला उठला की मी त्याचा शिक्का उचलून माझ्या असल्या कपांवर मासा उठवायचो. त्याला काढलं त्या दिवशी तो मलाच म्हणाला, तू तरी सांभाळून राहा रे.

त्याच्या मुलीला सांग, बाबांना आणच. बाईंना सांग, चिठ्ठीवर माझं नाव घाला. लोक आत जायच्या आधी मला त्याला दारात गाठायचंय. त्याने थोबाडीत दिली तर मध्ये पडू नकोस.

लोभ मागत नाही, तो तू माझ्याकडे बघून ठरव. गाडी शनिवारची आहे, बूट मात्र सकाळपासून पायात आहेत.

तुझा आजोबा