दस्तगीर मणियार बुवा झाला त्याची हकिकत

जाफराबादेजवळून, पितृपक्ष, सन १९४८

सोयऱ्यांमधले शिरोमणी, आमचे व्याही कडूबाजी यांस रामरावाचा हात जोडून रामराम.

इकडे सगळे जिवंत आहेत (सध्या खुशाली एवढीच विचारतात). तुमचा गुडघा कसा आहे? आमची द्वारका तुमच्याकडेही पोळ्या जाडच लाटते का?

तुम्ही वऱ्हाडातले, वर्षभर आधीच स्वतंत्र होऊन आम्हाला वाकुल्या दाखवत होता. आता आम्हीही झालो. परवापर्यंत निजामाची रयत होतो, रझाकार आले की कणगीत लपत होतो. मग फौजेच्या गाड्या धुरळा उडवत गेल्या आणि आम्ही हिंदुस्थानात आलो. गाव तेच, ढेकूणही तेच. फक्त कणगीत लपणारे बदलले.

आमच्या कणगीत दस्तगीर मणियार बसला होता. द्वारकेच्या लग्नात चुडा भरला तोच. त्याने जन्मात बांगडीशिवाय काही फोडले नाही, पण बाहेरगावच्या टोळ्या कुऱ्हाडी घेऊन फिरताहेत, त्या एवढी चौकशी करत नाहीत. म्हणून त्याला तुमच्याकडे पोचवायचे ठरवले. धोतर नेसवले, गंध लावले (दाढी काही काढू देईना) आणि मावसभाऊ म्हणून गाडीत घातले.

ओढ्यावर टोळी आडवी आली. म्होरक्या कोणी धर्मराज. तेवढ्यात आमच्या गावची म्हातारी साळूबाई समोरून आली. तिचा मोकळा हात दिसताच दस्तगीरने सवयीने तो धरून माप चाचपले, आणि बांगड्या भरल्यावर बायका मणियाराला वाकतात तशी तीही सवयीने वाकली. मी बैलांचा कासरा आवळून धरला. धर्मराजाने विचारले, "ह्यो कोण?" साळूबाई म्हणाली, "बुवा हायेत आमचे. उभा काय राह्यलास, वाक की!" तो वाकला. सगळी टोळी वाकली.

इथवर ठीक. पण असा बुवा सोडतो कोण? त्यांनी त्याला वाजतगाजत माघारी आणून मारुतीच्या देवळात बसवले आणि स्वतः पारावर मुक्काम ठोकला. गावातल्या बाया नारळ घेऊन दर्शनाला जातात, ब्र काढत नाहीत. पण बाजारच्या दिवशी परगावचा कोणीतरी ओळखणारच, आणि मला त्याची फार भीती वाटते. काल अंगारा देता देता तो माझ्या कानात म्हणाला, "दादा, ह्यापरीस कणगी बरी व्हती."

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद (बुवांचेही). पत्र वाचून चुलीत घाला.

आपला,
रामराव

ता. क. गुडघा बरा असेल तर छकडा जोडून, ताशेवाले घेऊन या. नवस फेडायला बुवांना वऱ्हाडात न्यायचे आहे, असे मोठ्याने सांगा. नवसाच्या कामाला धर्मराज आडवा येणार नाही.

आणखी एक. पत्र बंद करताना कळले. धर्मराज आज पहाटे बुवांपुढे रडला. जाफराबादेत त्याने एका मणियाराला दुकानात मारले, ते पाप फिटावे म्हणाला. तिथे मणियाराचे दुकान एकच, करीमचे. करीम हा दस्तगीरचा थोरला मुलगा. दस्तगीरने धर्मराजाच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून दस्तगीर बोलत नाही. बुवांनी मौन धरले अशी बातमी गावोगाव झाली आहे आणि दर्शनाला रांग लागली आहे. जल्दी या.