ढोल्याची माय

८ डिसेंबर

आला एकदाचा तो सिनेमा टीव्हीवर, नेटवरून हवा तेव्हा लावता येईल असा! दिवाळीत वणीला थेटरात बघितल्यापासून अर्पिताने डोकं खाल्लं होतं — घरी कधी येणार, घरी कधी येणार. आज शाळेतून आली ती चपला न काढता टीव्हीपुढे. ढोल्या नावाचं रानडुकराचं पिल्लू, त्याची माय, भावंडं. गाणी काय म्हणतात, नाचतात काय! ज्यांनी आमची तूर आडवी केली त्यांचं कौतुक माझ्याच घरात. अर्पिताचे बाबाही बसले मांडी घालून. डोळे पुसत होते. डुकरासाठी!

१० डिसेंबर

शेजारच्या वावरात हरिसिंगभाऊंची बायको सोनीबाई कापूस वेचत होती. डुकराने मांडी फाडली. हाड दिसत होतं. मी ओढणी करकचून बांधली तरी रक्त थांबेना. हरिसिंगभाऊ नुसते उभे — "काय करू वहिनी, आता काय करू?" गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल. वाचली बाई.

घरी आले तर ढोल्या नाचतोय. रिमोट हिसकावला आणि भिंतीवर आपटला.

१२ डिसेंबर

गावातल्यांनी नाल्यात एक डुक्कर कोंडलं. मीही धावले काठी घेऊन. मारलं, मारलं, मारलं. ते ओरडायचं थांबलं तरी माझी काठी पडतच होती. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं!

वळले तर काठावर अर्पिता, पाठीवर दप्तर. "आई, ते पिल्लू होतं न." थोबाडीत दिली आणि दंडाला धरून फरफटत घरी आणली.

१३ डिसेंबर

ह्यांना सांगून टाकलं — तुरीभोवती तार ओढा आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून करंट सोडा.

"गुन्हा आहे तो. माणूस मरते त्याच्यानं."

"सोनीबाई मेली असती तेव्हा कोणाचा गुन्हा असता? होत नसंन तर बांगड्या भरा हातात!"

ताटावरून उठून गेले. पण दुपारी तार ओढली. अर्पिता गेली होती सोबत. अंधार पडायला परतले.

"लावला काय जी करंट?"

"लावला. पण माह्या आंधी वावरात पाय ठेवू नको. सकाळी मी बंद करीन, मंगच."

माझ्याकडे बघत नव्हते. आता सुखाने झोपेन.

१५ डिसेंबर

रिमोटला रबर गुंडाळून चालवते पोरगी. पूर्ण सिनेमा बघतच नाही, एकच जागा. शिकाऱ्याच्या तारेला ढोल्याची माय चिकटते, तडफडते, पडते. की लगेच मागे नेते. माय उठून उलटी चालत पिल्लापाशी येते. परत तेच.

"कायले पाहून राह्यली तेच ते?"

"मांगं नेलं का ते जित्ती होते, आई. थेटरात नव्हतं नेता येत."

वरून नवीकोरी लाल रिबीन हरवून बसली. कुठे टाकली विचारलं तर तोंड शिवलेलं. घातली एक पाठीत.

१७ डिसेंबर

लावला काय जी? — लावला. रोज हेच. आणि तरी हे रोज रात्री जागलीला जातात! करंट सोडलाय ना, मग वावरात डबा बडवत कशाला बसायचं? डोळे लालभडक, तोंड सुकलेलं. "इतके कसे भित्रे तुम्ही?" म्हटलं. डबा उचलला आणि गेले.

१९ डिसेंबर

काल हे बहिणीकडे मुक्कामाला गेले, वणीला. जाताना सांगून गेले — लावलाय, सकाळी हरिसिंगभाऊ बंद करतील, तोवर जाऊ नको.

मी सकाळी रस्त्याने चालले होते, तर आमच्या तुरीत डुक्कर! हे भलंमोठं, धाटं मोडत चाललेलं. माझं डोकंच फिरलं. काठी उगारून शिव्या देत धावले, एका हाताने तार धरली आणि पाय पलीकडे टाकला.

तेव्हा आठवलं.

काहीच झालं नाही. तार मुठीत. दवाने गार. डुक्कर कधी गेलं कळलं नाही.

मग पेटीपाशी गेले. तार पेटीत गेलीच नव्हती. टोक नीट गुंडाळून खुंटीला अडकवलेलं आणि त्याला अर्पिताची लाल रिबीन, फुलासारखी गाठ मारलेली. रंग उडायला लागलाय उन्हाने. पहिल्या दिवसापासूनच असणार.

तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडले. हरिसिंगभाऊ आले. "काय झालं वहिनी?" बंद करायला ते आलेच नव्हते म्हणा, वावर बघायला आले होते; तार हाताने दाबून सरळ आत आले, पेटीकडे बघितलंही नाही. त्यांनाही ठाऊक होतं!

२० डिसेंबर

हे परत आले. संध्याकाळी डबा उचलून निघाले. अर्पिता दारात उभी, माझ्या तोंडाकडे बघत.

"लावला काय जी?"

"लावला."

"बरं," म्हटलं, आणि माझ्यासाठी दुसरा डबा शोधायला घरात गेले.