ज्वारीत उडीद किती

माय, तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि दोन महिन्यांपूर्वी गिरणीवाल्याने विचारलं तेव्हा कळलं, की तुला एक साधी गोष्ट विचारायची राहूनच गेली. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद किती घालायचे? मी पिशवी धरून नुसता उभा, मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्यानेच अंदाजाने उडीद मिसळले. माझी साखर फार वाढली होती, तळपाय बधिर व्हायचे. डॉक्टरीणबाईंनी पाव, शेव, बिस्किटं बंद केली आणि ज्वारी, उडीद, मूग, पालेभाज्या असा कागद हातात दिला. फरक पडला नाही तर इन्सुलिन. तुझंच ताट गं ते, फक्त इंग्रजीत लिहिलेलं. तू ऐंशीच्या पुढेही हेच खाऊन शेतात निंदायला जायचीस.

धुळ्याच्या ऑफिसात मी नवीन होतो तेव्हाची एक दुपार काही केल्या विसरत नाही. तू अमळनेरहून एसटीने येतेस, माझ्या टेबलावर फडकं सोडतेस. काळसर भाकऱ्या, ठेचा, कांदा. “भाकर शे भाऊ, बठ्ठा मिळीसन खा,” आपल्या बोलीत म्हणतेस, सगळ्यांनी मिळून खा. बाकीच्यांच्या डब्यांत पांढऱ्या पोळ्या. मी तुला जिन्यात नेलं आणि म्हणालो, “हे असलं इथे आणत जाऊ नकोस,” तेही शुद्ध मराठीत, तुझ्याशी. तू फडक्याला पुन्हा गाठ मारलीस. पुढच्या खेपेपासून स्टँडवरून बिस्किटाचा पुडा आणायला लागलीस, आणि मी तो दिमाखात सगळ्यांना वाटायचो. आज त्याची लाज वाटते.

आता धुळ्यातच, देवपूरच्या घरात मी एकटाच. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा पुण्याहून फोनवर ‘जेवलात का’ विचारतो. रोज भाकरी थापायला घेतो, ती परातीतच चिरते. मग तुकडेच भाजतो आणि वरणात कुस्करतो. तुझी चव नाही, पण पोटाला बरं वाटतं. समोर कुणी नसताना जेवायची सवय मात्र अजून होत नाही.

हे कुठल्या पत्त्यावर टाकणार, वहीतच राहील. पण एक सांगून टाकतो. परवा तपासणीत साखर उतरलेली निघाली. बाई खूश झाल्या. “घरी भाकरी कोण करून देतं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “माय.”

“या वयात? नशीबवान आहात. एकदा घेऊन या त्यांना.”

मी हो म्हणालो.