भासऱ्याचा दुपट्टा

दसरूभाऊ,

घेतलं तुमचं नाव. नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव घेत नाईत, त्याच्यासमोर मान वर करत नाईत, म्हणून इतकी वर्षं मी तुमचे पायच पाह्यले.

माह्या इंदूच्या गळ्यात गाठ आली तवा तुम्ही म्हणलं, "हे हिच्या माहेरच्या पाण्यानं झालं. आपल्या विहिरीचं पाजा, बसते." सालभर पाजलं. गाठ वाढली, इंदू गेली, अन् पोरगी खाल्ली म्हणून तुम्ही मलेच हाकललं.

इंदू मरायच्या आधी नागपूरच्या डॉक्टरनं तिचं, तिच्या बापाचं अन् माह्यं रक्त घेतलं होतं. आता समजलं, दोष तिच्या बापाकडून आला, तुमच्या खानदानातून. माह्या रक्तात काहीच नाई. भर उन्हाळ्यात तुम्ही गळ्याले दुपट्टा काऊन गुंडाळता, तेही समजलं. पाणी पाजा म्हणलं तवाही तो होताच.

डॉक्टर म्हणे, बापाच्या भावाच्या लेकराईचंही रक्त तपासा, लवकर सापडलं तर वाचतात. तुमच्या पोरीले, रंजीताले, मी सगळं सांगतलं. ती इंदूसंगं एका ताटात जेवली हाये, तिले मरू देणार नाई.

हे पत्र टाकत नाई. टाकलं तर तुम्ही पळून जासान. रविवारी साऱ्या सोयऱ्यासमोर रंजीता तुमचा दुपट्टा सोडायले येऊन राह्यली. मीही येतो. या खेपेले मान वर करून पाहीन.

इंदूची माय,
शेवंता