शेजाऱ्यांचा वाटा

३ सप्टेंबर
बोट वेळेवर बेटाच्या धक्क्याला लागली, ऊन पडले होते, आणि व्हिस्कीच्या भट्टीची पांढरी भिंत लांबूनच दिसली. मन प्रसन्न झाले. दोनशे वर्षांच्या या भट्टीच्या सर्वांत जुन्या कोठाराचा मला आस्वाद-कक्ष करायचा आहे. दारातून आत पाऊल टाकताच पाहुण्याला वाटले पाहिजे, की येथे आपली वाटच पाहत होते. म्हणून बाके किंचित बुटकी हवीत. माणूस सैलावून बसतो. प्रकाश बाजूने यावा, म्हणजे पेल्यातला रंग खुलतो.

कोठाराचा राखणदार मर्डो गिलीस सत्तरीचा आहे. बाकांवरच्या उशांचे चित्र पाहून म्हणाला, की पोरी, तुमच्या एडिंबरोत मेंढ्यासुद्धा उशीला टेकून चरतात काय.

७ सप्टेंबर
जमिनीलगतच्या नऊ झरोक्यांतून बोचरा वारा येतो. पिपात मुरणाऱ्या व्हिस्कीचा थोडा भाग दरवर्षी लाकडातून उडून जातो. इतरत्र त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. येथे ‘शेजाऱ्यांचा वाटा’. तो झरोक्यांतून बाहेर जातो, तेव्हा ते तेवढे बुजवू नकोस, असे मर्डोने बजावले. शेजारी राहतात कुठे, असे विचारताच त्याने मागच्या टेकडीकडे हनुवटी उडवली आणि हवापाण्याचे बोलू लागला. टेकडीवर एकही घर नाही. पलीकडच्या वस्तीला सुगंध पोहोचत असावा, असा अर्थ मी घेतला. किती लोभस शब्द आहे!

१५ सप्टेंबर
मर्डो आठवडाभर बहिणीकडे गेला आहे. झरोक्यांना काचा बसवल्या. कक्षाला ऊब आली. दारावरच्या दगडात मी एक ओळ कोरून घेतली: ‘शेजाऱ्यांनो, आत या, बसा.’ मजकूर वाचताच बेटावरच्या गवंड्याची कंबर धरली, म्हणून ग्लासगोहून माणूस आणावा लागला.

१९ सप्टेंबर
चुन्याचा गिलावा वाळायला पंधरा दिवस लागतात. आमचा एका दुपारीत वाळला, आणि भेगाळला. मेजावरचा पाण्याचा जग भरून ठेवते. जेवून येईपर्यंत कोरडा. सहा उशा मधोमध दबलेल्या होत्या. झटकून सारख्या केल्या. परत आले तर अकरा दबलेल्या.

२२ सप्टेंबर
मर्डो परतला. दारावरची ओळ वाचून त्याने टोपी काढली. मग म्हणाला, की अगं बये, टेकडीतल्यांचे खरे नाव घ्यायचे नसते म्हणून आम्ही शेजारी म्हणतो, आणि तू त्यांना बैठक घातलीस. बाहेर असेपर्यंत ते वाट्यावर भागवतात. आत आले की जे ओले असेल ते पितात. घालवायचे तर ज्याने बोलावले त्यानेच आत उभे राहून, मोठ्याने, त्यांना निरोप द्यायचा.

मी हसले. तो हसला नाही. झरोक्यांच्या काचा फोडायला हातोडा घेऊन एकटाच आत गेला.

२३ सप्टेंबर
मर्डो सकाळी सापडला, बाकावर बसलेला. मी त्याला एका हाताने उचलले — इतका हलका. जिवंत आहे. पापण्या मिटत नाहीत, डोळ्यांत ओल उरलेली नाही. डॉक्टरांचे म्हणणे, की सलाईन लावले तरी अंगात काही राहत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत जेमतेम तग धरेल. मर्डो सारखा माझ्याकडे बोट करतो, मग दाराकडे.

२४ सप्टेंबर, दुपार
आत आले आहे. कोणी दिसत नाही. उशा दबत आहेत — एक, मग शेजारची. सगळी बाके भरली.

बाटली भरून आणली होती. रिकामी.

तोंड उघडले. जीभ टाळूला — आवाज नाही. पुन्हा प्रयत्न. नुसती हवा.

लिहून दाखवते. मोठ्या अक्षरांत. वाचतील — वाचूनच आले ना —

कोणीतरी वहीवर वाकले आहे. कागद कुरकुरतो. शाई फिकी होत —

शेजाऱ्यांनो, आता तुम्ही नि