उर्सेच्या समुद्राला चंद्र

लोणावळा

प्रिय कौमे,

तिकडे जर्मनीत खऱ्या समुद्रातले प्लवक, ते तरंगणारे सूक्ष्म जीव, बघताना तुला आपला उर्से ग्रह आठवतो का गं? मला तुझी एक परवानगी हवी आहे. ती मिळेल की नाही या धास्तीने बरेच दिवस नुसता पेन हातात घेऊन बसतोय. म्हणून आधी इकडचं तिकडचं.

तू चारेक वर्षांची असशील. पुण्याहून परतताना उर्से टोलनाक्याचे दिवे लांबून दिसले, आणि बाईसाहेब म्हणाल्या, तो बघा उर्से ग्रह. आई हसली नाही. घरी येऊन तिने त्या ग्रहाला समुद्रच देऊन टाकला. मग लोणच्याच्या बरणीतून भुशी धरणाचं पाणी यायचं, मायक्रोस्कोपखाली थेंबात जे वळवळेल त्याची रवानगी थेट उर्सेला. जाळीदार कंदील, पोटात दिवा असलेली टिकली, एकमेकांना चिकटून फिरणारी ती चिक्की. कायदा तुझाच होता, राणीसाहेबांनी हो म्हटल्याशिवाय समुद्रात नवा जीव सोडायचा नाही. आईने एकदा न विचारता एक सोडला, तर तू रुसून जेवली नव्हतीस.

आई गेली आणि मायक्रोस्कोप माळ्यावर गेला. यंदा तो अनघाने शाळेतल्या मुलांसाठी मागितला. तू तिला ओळखत नाहीस. तळेगावला विज्ञान शिकवते, एकटीच असते. देताना बोलण्याच्या भरात उर्सेचं सांगून बसलो. हसेल असं वाटलं होतं. तिने कप खाली ठेवून विचारलं, तिथे भरती कशी येते, चंद्र किती आहेत? मी कपाळावर हात मारला. मुलीचं नाव कौमुदी ठेवलं, आणि चंद्र द्यायलाच विसरलो आपण. बिचारे प्लवक इतकी वर्षं एकाच जागी तरंगतायत.

आता ती रविवारी येते. बरणी पुन्हा खिडकीत आलीय. आईच्या फोटोवरची धूळ तीच पुसते, न सांगता. आईची आठवण मला रोज येते गं, आणि तरी मी हल्ली शीळ घालतो, असं शेजारचा नथू म्हणतो.

तर राणीसाहेब, अर्ज असा, की अनघाला आणि मला लग्न करायचं आहे. ती म्हणते, कौमुदीने मनापासून हो म्हटलं तरच. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, पुन्हा विचारणारही नाही. हो म्हणालीस, तर चंद्र कुठे टांगायचा ते तूच ठरव. तोवर आम्ही भरती थांबवून ठेवली आहे.

तुझ्या समुद्राचा जुना रखवालदार,
तुझाच
बाबा